सुखाचा आराखडा : नवी मुंबईच्या निमित्ताने

१

शहराच्या विकास आराखड्याकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही. जमिनीच्या वापराचे नकाशे, लोकसंख्येचे अंदाज, पाणी आणि सांडपाणी यांची गणिते असा तो मजकूर असतो. वाचनाचा आनंद देणे हे त्याचे काम नव्हे. तरीही सिडकोने १९७३ साली तयार केलेल्या नवी मुंबईच्या विकास आराखड्यातील उद्दिष्टांची यादी आपण एकदा वाचण्यासारखी आहे. मुंबईची वाढ आवरणे, वीस लाख लोकांना सामावून घेणे, सोयीसुविधांतील विषमता कमी करणे ही अपेक्षित कलमे तिच्यात आहेतच. त्यांच्याच रांगेत आणखी एक कलम येते. त्याचा आशय असा, की नव्या शहरातील रहिवाशांना अधिक भरलेले, अधिक समृद्ध आयुष्य जगता यावे आणि नागरी जीवनाशी जोडल्या गेलेल्या शारीरिक व सामाजिक ताणांपासून त्यांना शक्य तितकी मुक्तता मिळावी, असा परिसर निर्माण करावा.

एका सरकारी महामंडळाने माणसाच्या सुखाविषयी केलेले हे विधान आहे. ते करताना ‘शक्य तितकी’ ही पुस्ती जोडण्याइतके भानही ते लिहिणाऱ्यांना होते. याच सुमारास अमेरिकेत मानसशास्त्र सुखाच्या प्रश्नाकडे नव्याने वळत होते. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या दोघांचा एक निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. ‘हेडोनिक रिलेटिव्हिझम अँड प्लॅनिंग द गुड सोसायटी’ हे त्याचे शीर्षक. सुखाची सापेक्षता आणि चांगल्या समाजाचे नियोजन हे दोन विषय त्यात एकत्र आणले होते. १९७१ हेच सिडकोला नव्या शहराचे विकास प्राधिकरण म्हणून नेमले गेल्याचे वर्ष. या दोन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध होता, असा दावा येथे करायचा नाही. परंतु पन्नास वर्षांनंतर त्या शेजारी ठेवून वाचल्या, तर सुखाच्या विज्ञानाविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. आज पुस्तकांच्या दुकानांतून आणि व्याख्यानमालांतून हे विज्ञान आपल्यापर्यंत येते ते प्रामुख्याने मन सुधारण्याचे शास्त्र म्हणून. त्याच्या इतिहासात मात्र अंतर, आवाज, शेजार आणि जमीन यांना फार मोठी जागा होती. ती जागा कशी आकसत गेली आणि त्यात काय हरवले, हे नवी मुंबईच्या उदाहरणावरून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम दोन शब्दांविषयी. ‘सुख’ या शब्दाची परंपरेने दिली जाणारी व्युत्पत्ती ‘सु’ आणि ‘ख’ अशी आहे. ‘ख’ म्हणजे पोकळी, छिद्र; चाकाच्या मधल्या ज्या भोकात आस बसतो ते भोक. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचे विशेषण म्हणून येते. ज्याचे चाक आसावर विनासायास फिरते, धक्के देत नाही, तो रथ सुख. काही विद्वानांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. ते ‘सुस्थ’ या शब्दाकडे बोट दाखवतात. दोहोंपैकी कोणतीही स्वीकारली, तरी ‘सुख’ मुळात वाहनाच्या चालीविषयी किंवा नीट स्थिर असण्याविषयी बोलते. दुसरा शब्द ‘समाधान’. हिंदीत त्याचा रूढ अर्थ समस्येचे उत्तर असा आहे. मराठीतही ‘शंकासमाधान’ या जोडशब्दात तो शिल्लक आहे. परंतु ‘समाधान’ असे नुसते म्हटले की मराठी माणसाला तृप्तीच अभिप्रेत असते. मनाची तृप्ती आणि प्रश्नाची उकल हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, हे या लेखाच्या दृष्टीने सोयीचे आहे. पहिल्या अर्थाचा अभ्यास मानसशास्त्राने केला, दुसऱ्या अर्थाच्या मागे नगररचनाकार होते.

२

मुंबईचा प्रश्न भूगोलाने घातलेला होता. दक्षिणेकडे निमुळते होत गेलेले बेट, त्याच्या टोकाला बंदर, कचेऱ्या आणि बाजार, तर माणसांची वस्ती उत्तरेकडे सरकत चाललेली. परिणामी सकाळी सारे शहर दक्षिणेला जाते आणि संध्याकाळी उत्तरेला परतते. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे साडेएकेचाळीस लाख होती. १९७१ मध्ये ती साठ लाखांच्या जवळ पोहोचली. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५९ सालीच ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून मुंबई मुख्य भूमीला जोडावी अशी शिफारस केली होती. पुढे धनंजयराव गाडगीळ समितीने या विचाराला प्रादेशिक नियोजनाची चौकट दिली.

दरम्यान १९६५ साली मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखालील ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाने मुंबईवर एक अंक काढला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी त्यात बंदराच्या पलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. ही कल्पना प्रथम कलाविषयक नियतकालिकातून आली, याची नोंद साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावी. उत्तर-दक्षिण या एकाच रेषेत धावणारे शहर पूर्वेकडे वळवायचे, खाडीभोवती अनेक केंद्रे उभी करायची आणि रोजगार माणसाच्या जवळ न्यायचा, असा तिचा गाभा होता. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ज. ब. डिसोझा पहिले व्यवस्थापकीय संचालक झाले. पटेल नियोजनाच्या कामात आले, कोरिया मुख्य वास्तुविशारद झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांचे मिळून ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र निश्चित झाले. एकाच मध्यवर्ती भागाऐवजी अनेक स्वयंपूर्ण नोड असावेत आणि प्रत्येक नोडमध्ये घर, शाळा, बाजार आणि काम हाकेच्या अंतरावर असावे, असा आग्रह धरला गेला.

कोरियांनी पुढे मुंबईविषयी लिहिताना ‘महान शहर, भयंकर जागा’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. मुंबई संधींचे शहर म्हणून थोर असली, तरी राहण्याची जागा म्हणून ती माणसाचे हाल करते, हा त्याचा रोख. नवी मुंबईच्या आराखड्यातील ते कलम या जाणिवेतून आलेले आहे. या शहराच्या कल्पनेत सुख म्हणजे प्रथम धक्के न खाता जाता येणे होते. रथाच्या विशेषणापाशी आपण पुन्हा येतो.

३

आता ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांच्याकडे वळू. माणूस परिस्थितीला सरावतो आणि सरावला की त्याच्या अपेक्षांची पातळी परिस्थितीबरोबर वर सरकते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. मोठे घर मिळाले की काही महिन्यांतच ते घर ‘घर’ होते, ‘मोठे’ राहत नाही. या अवस्थेला त्यांनी ट्रेडमिलची उपमा दिली. पाय चालत राहतात, माणूस त्याच जागी असतो. ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये इलिनॉय राज्यातील बावीस लॉटरी विजेत्यांची तुलना इतरांशी केली. विजेते इतरांपेक्षा लक्षणीय सुखी आढळले नाहीत; उलट रोजच्या लहानसहान गोष्टींतील त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. याच अभ्यासात अपघाताने अपंगत्व आलेले एकोणतीस जणही होते. ‘माणूस कशालाही सरावतो’ या लोकप्रिय निष्कर्षासाठी त्यांचा दाखला नेहमी दिला जातो. प्रत्यक्षात ते तुलनेसाठी निवडलेल्यांपेक्षा कमी सुखी होते. अपेक्षेइतके दुःखी मात्र नव्हते. हा फरक बारीक वाटला, तरी पुढच्या विवेचनासाठी तो महत्त्वाचा आहे.

कारण सरावण्याचे नियम सर्व गोष्टींना सारखे लागू पडत नाहीत, हे पुढच्या तीन दशकांत हळूहळू स्पष्ट झाले. वाढलेला पगार, नवी गाडी, घराचे वाढीव क्षेत्रफळ यांना मन लवकर सरावते. महामार्गाच्या आवाजाला मात्र शेजारी राहणारे सरावत नाहीत, असे दिसून आले. जर्मनीतील हजारो कुटुंबांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्यावर बेकारीचा ओरखडा पुन्हा नोकरी लागल्यावरही पूर्ण पुसला जात नाही, असे आढळले. डॅनिएल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाची प्रसंगवार नोंद करायला सांगितली. कोणत्या कामात किती बरे वाटले, या क्रमवारीत सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाशी गेला. अलॉइस श्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये जर्मनीतील आकडेवारीवरून दाखवले, की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात आणि जास्त पगार किंवा स्वस्त घर यांमुळे ती तूट भरून निघत नाही. घर घेताना आपण चौरस फूट मोजतो, कारण ते दिसतात. प्रवासाची वाट पुढे वीस वर्षे रोज पुन्हा चालावी लागणार असते. आज दहा मिनिटे, उद्या चाळीस, परवा गाडी रद्द असे तिचे अनिश्चित स्वरूप मनाला सरावू देत नाही.

या फसगतीची एक बाजू मेंदूविज्ञानाने उलगडली. १९५४ साली मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना असे दिसले, की मेंदूच्या विशिष्ट भागात विजेची सूक्ष्म चेतना मिळावी म्हणून उंदीर कळ दाबत राहतात. त्यावरून मेंदूतील ‘सुखकेंद्रा’ची कल्पना रूढ झाली आणि पुढे डोपामाइन या रसायनाला सुखाचे रसायन म्हटले जाऊ लागले. केंट बेरिज यांच्या प्रयोगांनी या समजुतीला तडा दिला. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नाहीसे केले होते, ते अन्नाकडे जाईनात. परंतु जिभेवर साखरेचे पाणी ठेवले की पूर्वीसारखेच ओठ चाटत. त्यांची गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. गोडी आणि ओढ यांच्या वाटा मेंदूत वेगवेगळ्या असतात, असा बेरिज यांचा निष्कर्ष. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून १९९० च्या दशकात आणखी एक गोष्ट दिसली. डोपामाइनच्या पेशी बक्षिसाला प्रतिसाद देतात त्या बक्षीस अपेक्षेपेक्षा किती अधिक किंवा उणे आहे यानुसार. पूर्ण अपेक्षित असलेल्या बक्षिसाला त्या जवळजवळ गप्प राहतात. ट्रेडमिलची उपमा येथे पेशींच्या पातळीवर भेटते.

मराठीला हा भेद नवा नाही. ‘हाव’ आणि ‘गोडी’ हे शब्द आपण कधीही एकमेकांच्या जागी वापरत नाही. परंतु घरांचा बाजार हावेवर चालतो, हे नवी मुंबईच्या पुढच्या इतिहासात दिसते. राज्य शासनाची मुख्य कचेरी खाडीपलीकडे गेली नाही. नरिमन पॉइंटचा भराव आणि तेथील कचेऱ्या १९७० च्या दशकात वाढतच राहिल्या. घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आले. मानखुर्द-वाशी लोहमार्ग ९ मे १९९२ रोजी सुरू झाला, पुढे तो बेलापूर आणि पनवेलपर्यंत गेला. कामे मुंबईतच राहिली असताना रेल्वे आल्यामुळे झाले असे, की कित्येकांसाठी नवी मुंबई हे मुंबईच्या प्रवासाचे आणखी एक उगमस्थान झाले. त्यानंतरच्या काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, २००४ मध्ये ठाण्याकडून येणारा लोहमार्ग सुरू झाला, २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. या प्रत्येक टप्प्यावर शहराने जाहिरातींतून देऊ केले ते मात्र मुख्यतः क्षेत्रफळ, म्हणजे ज्याला मन सर्वांत लवकर सरावते तेच.

४

आराखड्यातील मूळ कल्पना पूर्णतः कागदावर राहिली असेही नाही. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये, कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात उभी केलेली वसाहत ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखली जाते. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची सोय. प्रत्येक भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचा. म्हणजे गरिबाच्या आणि मध्यमवर्गीयाच्या जागेत फार मोठी तफावत नाही. घरे एकमेकांना चिकटलेली नाहीत. भिंत सामायिक नसल्यामुळे प्रत्येक कुटुंबाला शेजाऱ्याची परवानगी न मागता आपले घर हळूहळू वाढवता यावे, ही त्यामागची योजना. सात घरांच्या मधोमध साधारण आठ मीटर लांबीरुंदीचे अंगण. असे तीन समूह मिळून एकवीस घरे आणि त्यांच्यामध्ये बारा मीटरांचा चौक. असे तीन चौक मिळून त्याहून मोठी, वीस मीटरांची मोकळी जागा. उंबऱ्यापासून सार्वजनिक मैदानापर्यंत पायरीपायरीने जाणारी ही रचना आहे. आपल्याकडे घरासमोर ओटी, मग अंगण, मग आळी असते. तोच क्रम येथे नव्या परिमाणात दिसतो.

या रचनेमागचे तर्कशास्त्र समजून घ्यायला मानसशास्त्रातील एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. लिओन फेस्टिंगर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी १९५० साली एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वेस्टगेट या वसाहतीविषयी पुस्तक लिहिले. मैत्री कोणाशी जमते याचे उत्तर स्वभाव, आवडीनिवडी यांत सापडेल अशी सामान्य समजूत. त्यांना ते बऱ्याच अंशी दारांच्या दिशेत सापडले. लगतच्या घरांत मैत्री सर्वांत अधिक होती. ज्या मोजक्या घरांची दारे अंगणाऐवजी रस्त्याकडे उघडत, तेथील रहिवाशांना वसाहतीत मित्र बरेच कमी होते. या कुटुंबांनी ती घरे स्वभावानुसार निवडलेली नव्हती. ज्याला जे मिळाले त्यात तो राहत होता. म्हणजे एकाकीपणाचे एक कारण वास्तुविशारदाच्या पेन्सिलीत होते.

माणसाच्या समाधानाशी सर्वाधिक निगडित असलेल्या गोष्टींमध्ये जवळच्या माणसांचा सहवास येतो, याविषयी या क्षेत्रात मोठे मतभेद नाहीत. हा सहवास दोन प्रकारांनी मिळवता येतो. एक, ठरवून, वेळ काढून, दूरध्वनी करून. दुसरा, न ठरवता. कपडे वाळत घालताना, मूल शोधायला बाहेर पडल्यावर, जाता-येता. दुसऱ्या प्रकाराला इच्छाशक्ती लागत नाही, अंगण लागते. मराठी वाचकाला हे सांगण्याची गरजही नाही. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा चाळीच्या गॅलरीविषयी त्याने हसता हसता हेच जाणले होते, आणि त्या पुस्तकातील शेवटच्या चिंतनाचा सूर अचानक का बदलतो, हेही त्याला समजावून सांगावे लागले नाही.

आर्टिस्ट व्हिलेजमधील मूळ कौलारू घरांपैकी अनेक आता उरलेली नाहीत. त्यांच्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटची घरे उभी राहिली. वास्तुकलेचे अभ्यासक याविषयी हळहळतात. परंतु घर वाढवण्याची मुभा हा तर योजनेचाच भाग होता, आणि घरे बदलली तरी अंगणे पुष्कळ अंशी जागेवर आहेत. मालकाने आपल्या मालकीची वस्तू बदलली. जी सर्वांची होती ती टिकली. सुखाच्या दृष्टीने दोहोंतील कोणती अधिक मोलाची, हे वर आलेल्या विवेचनावरून ठरवणे अवघड नाही.

५

येथवरच्या विवेचनात एक समूह अनुपस्थित आहे. आराखड्यातील ते कलम ‘नव्या शहरातील रहिवाशां’विषयी बोलते. पण ३४४ चौरस किलोमीटर जमीन मोकळी नव्हती. तेथे भातशेती होती, खाजणे होती, मिठागरे होती. आगरी, कोळी आणि कऱ्हाडी समाजांची गावे होती. आंदोलनाची परंपराही होती. उरण तालुक्यातील चिरनेरचा जंगल सत्याग्रह १९३० सालचा. संपादनाविरुद्धचा लढा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चालला. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि आसपासच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि १९९० च्या दशकात ते अमलात येऊ लागले.

सुखाच्या मानसशास्त्राजवळ या अनुभवासाठी काय आहे? एक महत्त्वाचा निबंध आहे आणि तोही जुना आहे. बॉस्टनमधील वेस्ट एंड ही कष्टकऱ्यांची वस्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘नूतनीकरणा’साठी पाडण्यात आली. तेथून हलवलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून मार्क फ्रीड यांनी १९६३ मध्ये हरवलेल्या घराच्या शोकाविषयी लिहिले. त्यांनी शोक हा शब्द अलंकार म्हणून वापरला नाही. जवळचे माणूस गेल्यावर दिसणारी लक्षणे त्यांना या माणसांत दिसली: अविश्वास, शरीराला जाणवणारी वेदना, गेलेल्या गोष्टीचे उदात्तीकरण. अनेकांना दोन वर्षांनंतरही त्यातून बाहेर येता आले नव्हते. फ्रीड यांच्या मते या वस्तीत ‘घर’ चार भिंतींत संपत नव्हते; जिना, रस्ता, कोपऱ्यावरचे दुकान हे सारे घराचाच विस्तार होते. त्यामुळे नवी खोली जुनीपेक्षा चांगली असूनही नुकसान भरून निघाले नाही.

नवी मुंबईत घडले ते यापेक्षा वेगळे आणि एका अर्थाने अधिक विचित्र. बहुतेक गावे हलली नाहीत. गावठाणे जागेवर राहिली आणि त्यांच्याभोवतीची शेते, बांध, खाडीकडे जाणाऱ्या वाटा गेल्या. माणूस आपल्याच उंबऱ्यावर बसलेला असताना त्याचा गाव निघून गेला. पुढे विमानतळासाठी मात्र दहा गावे खरोखरच उठवावी लागली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याला दि. बा. पाटील यांचे नाव देण्याच्या मागणीसाठी जून २०२१ मध्ये हजारो लोक बेलापूरला सिडकोच्या दारात जमले होते. बाहेरच्या माणसाला हा केवळ नावाचा वाद वाटू शकतो. फ्रीड वाचलेल्याला तसा वाटू नये.

या अनुभवासाठी शासकीय मराठीत एक शब्द आहे, ‘प्रकल्पग्रस्त’. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. ग्रास हा शब्द त्याच धातूचा. भरपाईसाठी ‘मोबदला’ हा शब्द आहे, त्याच्या मुळाशी अदलाबदल आहे. गिळण्याची क्रिया आणि अदलाबदलीची क्रिया एकाच अर्जावर शेजारी शेजारी लिहिल्या जातात. साडेबारा टक्के हे मोबदल्याचे गणित आहे आणि ते मिळवण्यासाठी माणसांनी प्राण दिले, म्हणून त्याला कमी लेखता येणार नाही. पण अदलाबदल जमिनीची होऊ शकते. भरतीच्या वेळा आणि बांधाची दुरुस्ती ठाऊक असणे या ज्ञानाला दुसऱ्या बाजूला ठेवण्यासारखे काहीच नसते. जे निरुपयोगी झाले त्यात माणसाचे कौशल्य होते, आणि कौशल्य उपयोगी पडणे हा समाधानाचा फार मोठा भाग आहे.

६

पुढे या क्षेत्रात एक आकडा अतिशय गाजला. सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड यांनी २००५ च्या एका निबंधात सुखातील फरकांची विभागणी सुचवली. पन्नास टक्के आनुवंशिकता, चाळीस टक्के माणसाच्या हेतुपूर्वक कृती आणि परिस्थिती केवळ दहा टक्के. स्वसाहाय्याच्या पुस्तकांनी हा आकडा उचलला. परिस्थितीचा वाटा दहाच टक्के असेल, तर परिस्थितीशी कशाला झगडावे? कृतज्ञतेची वही लिहावी, ध्यान करावे, विचारांना वळण लावावे. या उपायांचा थोडाबहुत उपयोग होतो, हे येथे नाकारायचे नाही. आक्षेप आकड्याच्या वाचनाला आहे.

हे टक्के माणसामाणसांतील फरकांचे आहेत, एका माणसाच्या सुखाचे तुकडे नव्हेत. समजा, एखाद्या वर्गातील सर्व मुले एकाच पुस्तकातून शिकतात. त्यांच्या गुणांतील फरकात पुस्तकाचा वाटा शून्य टक्के भरेल. यावरून पुस्तकाने काही फरक पडत नाही असा निष्कर्ष कोणी शिक्षक काढणार नाही. ज्या लोकसमूहांवरून दहा टक्क्यांचा अंदाज आला, त्यांत बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतली माणसे होती. ज्याची शेती एका अधिसूचनेने गेली आणि ज्याची गेली नाही, असे दोन शेजारी त्यांत नव्हते. या विभागणीवर पुढे बरीच टीका झाली आणि मूळ लेखकांपैकी शेल्डन व ल्युबोमिर्स्की यांनीही तिचा नंतर पुनर्विचार केला. लोकप्रिय पुस्तकांत मात्र आकडा तसाच राहिला.

मेंदूविज्ञानाचा पुरावा तर परिस्थिती मेंदूच्या आत शिरते असे सुचवणारा आहे. जर्मनीतील मानहाइम येथील संशोधकांनी २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना वेळेच्या दडपणाखाली गणिते सोडवायला लावून, वरून नापसंती दर्शवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. मोठ्या शहरात राहणाऱ्यांच्या मेंदूतील अमिग्डाला, म्हणजे भय आणि धोका यांच्याशी संबंधित भाग, अधिक उत्तेजित झाला. ज्यांचे बालपण शहरात गेले होते त्यांच्यात त्या भागाला आवर घालणाऱ्या यंत्रणेतही फरक दिसला. अभ्यास लहान होता आणि शहरातील नेमकी कोणती गोष्ट यास कारण ठरते हे त्यातून सिद्ध होत नाही. परंतु १९७३ च्या आराखड्यात ज्यांचा उल्लेख होता ते ‘नागरी जीवनाचे ताण’ नियोजनकारांच्या भाषेचा नुसता अलंकार नव्हते, एवढे तरी यावरून म्हणता येते.

ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांच्या शीर्षकाचे दोन भाग होते. पहिला, सुखाच्या सापेक्षतेचा, जगभर पसरला आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. चांगल्या समाजाच्या नियोजनाचा दुसरा भाग मागे पडला. नवी मुंबईच्या इतिहासात हे दोन्ही भाग एकत्र वाचावे लागतात. माणूस सरावतो हे खरे. म्हणूनच तो ज्याला सरावत नाही त्या गोष्टींची, म्हणजे रोजच्या प्रवासाची, गोंगाटाची, शेजार नसण्याची आणि हिरावलेल्या भूमीची यादी करणे हे नियोजनाचे काम ठरते. त्या यादीतील पहिल्या तीन गोष्टींचे भान १९७३ च्या आराखड्याला होते आणि त्या बाबतीत शहराला अंशतः यश आले. चौथी गोष्ट मांडण्यासाठी जासईच्या माणसांना रस्त्यावर यावे लागले.

विमानतळाच्या भोवती आता आणखी शेकडो चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी ‘नैना’ या नावाने नियोजन चालू आहे. २०१३ पासून त्याची जबाबदारीही सिडकोकडेच आहे. त्याचे मसुदे आणि नकाशे सार्वजनिक आहेत. आपल्यापैकी जे शिकवतात त्यांनी ते एखाद्या तासाला वर्गात आणावेत, जुन्या आराखड्यातील त्या कलमाशेजारी ठेवावेत आणि विद्यार्थ्यांना भाषेचा अभ्यास म्हणून एवढेच विचारावे : या मजकुरात ‘रहिवासी’ हा शब्द कोणासाठी वापरला आहे, आणि ‘शक्य तितकी’ हे ठरवण्याचा अधिकार वाक्याच्या कर्त्याने कोणाकडे ठेवला आहे?